आबांचं घड्याळ आणि वांग्याचं भरीत

आमच्या घराण्यात आजवर कोणीही, कुठेही वेळेवर पोचलेलं नाही, आणि याचं एकमेव कारण म्हणजे आमच्याकडे असलेली घड्याळं.

घराबाहेर पडायची वेळ झाली की आमच्याकडे आधी घड्याळं जुळवतात. ओट्यावर उभं राहून प्रत्येक जण आपलं मनगट पुढे करतो. मग कोणाचं पुढे, कोणाचं मागे यावर वाद. वाद मिटवायला भिंतीवरच्या घड्याळाला साक्षीला बोलावायचं, तर ते तिसरंच काही सांगणार! तोवर असोद्याहून जळगावला जाणारी बस गेलेली. (कंडक्टरच्या हातात घड्याळ नसायचं, म्हणूनच तो वेळेवर निघायचा.) जळगाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण कॉलेजातलं पहिलं लेक्चर मी शेवटच्या वर्षापर्यंत ऐकलं नाही. ते कशावर असायचं हे मला अजून माहीत नाही.

हा रोग घरात आणला आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. शेतातल्या केळीची पहिली गाडी उत्तरेकडे रवाना झाली, तेव्हा आबा बैल घ्यायला म्हणून बाजाराला गेले आणि किल्लीचं मनगटी घड्याळ घेऊन आले. आजी आरतीचं ताट घेऊन दारात आली. बैल दिसेना. शेवटी ताट वाया जायला नको म्हणून तिने आबांच्या मनगटाला ओवाळलं आणि घड्याळाच्या काचेला कुंकू लावलं!

त्या दिवसापासून घड्याळ आबांच्या अंगावरून उतरलं नाही. केळीला पाणी भरतानासुद्धा नाही. बांधावर काढून ठेवलं तर खार नेईल, अशी त्यांना धास्ती. मग स्प्रिंगच्या पट्ट्यासकट ते कोपराच्या वर सरकवायचे आणि चिखलात उतरायचे. कोणी वेळ विचारली की आबा दंड वर करून दाखवत आणि विचारणाऱ्याला वाटे, हा माणूस कुस्तीला बोलावतोय. पुढे माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनीही तेच केलं. मी बँकेत चिकटलो. शेताला पाणी कधी भरलं नाही, पण बेसिनसमोर उभा राहिलो की माझाही हात आपोआप घड्याळ वर ढकलतो. रक्तातच असतं ते. आमच्या घरी बाळाचं नाक कोणावर गेलंय हे बारशाला बघत नाहीत. कानाजवळ घड्याळ धरतात आणि मूल हसलं की पेढे वाटतात.

तर मूळ मुद्दा असा, की घराण्याचा एक नियम आहे. मुलाचं लग्न ठरलं की बापाने आबांचं घड्याळ आपल्या हातातून काढून मुलाच्या हातात घालायचं. आबांनी नानांना दिलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मीही मनगट पुसून तयार बसलो होतो. नाना आले, त्यांनी घड्याळाचा पट्टा ताणला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पट्टा सोडून दिला.

"नाही देत," नाना म्हणाले. "तू किल्ली लई जोरात पिरगायतो."

(यात तथ्य होतं. घरातली दोन गजराची घड्याळं माझ्या प्रेमानेच गेली होती.)

तेव्हापासून मी उपाशी! लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, दाढा गेल्या, निवृत्ती तोंडावर आली, पण आबांचं घड्याळ नानांच्या मनगटावरून हललं नाही. माझ्याकडे दुसरी चिकार घड्याळं आहेत. पण ते नाही, म्हणजे काही नाही. हे बायकोला कधी समजलं नाही आणि समजावून सांगताना माझा आवाज दर वेळी भरून येतो, हेही तिला समजलं नाही.

अशात माझ्या मुलीचं, मयूरीचं जमलं. पुण्याला दोघं एका कंपनीत. मुलगा धुळ्याचा, तेजस नावाचा, पोरगा सोन्यासारखा. घरात आनंदीआनंद! आणि त्या आनंदात नानांनी जाहीर केलं, "आता आबांचं घड्याय मयूरीले."

"आणि मी?" मी ओरडलो.

"तू काय?"

"मधला मी, नाना! मला ओलांडून कसं जाईल ते?"

"बस जशी थांबा ओलांडून जाते, तसं जाईन," नाना शांतपणे म्हणाले.

मयूरीच्या हातात ते चार्जिंगचं घड्याळ. पावलं मोजतं, झोप मोजतं, आणि संध्याकाळी स्वतःच झोपी जातं. नाना त्याला 'मोबाइलचं पोरगं' म्हणतात. अशा हाताला आबांचं घड्याळ! मी दोन दिवस जेवलो नाही. (म्हणजे घरी जेवलो नाही.) शेवटी नानांना दया आली. धुळ्याची मंडळी आमच्याकडे यायची होती, त्या सकाळी त्यांनी घड्याळ काढून माझ्या डाव्या हातात घातलं.

"पक्या, आजच्या दिवस हे तुह्या हातात. सांजच्याले जसंच्या तसं आनून दाखव, मंग तुयं. काही झालं, तर मयूरीचं. पुन्हा माह्याजवय रडाचं नाही."

मी नानांच्या पाया पडलो. वयाच्या या टप्प्यावर मला असं वाटलं, की जणू आजच माझी मुंज आहे.

एवढ्यात सुनंदा, म्हणजे माझी बायको, आतून आली. "हे बघा, पाहुण्यांसमोर घड्याळाचा 'घ' काढायचा नाही! पोरीचं लग्न ठरवायला येताहेत ते. मागे माझ्या भावाच्या साखरपुड्यात तुम्ही भटजींचं घड्याळ उघडून बसला होतात!"

"अगं, ते मागे पडत होतं."

"तुम्हाला मागे पाडीन मी. बाही खाली करा!"

केली. थंडीचे दिवस होते, अंगात घट्ट स्वेटर होता. आबांचं घड्याळ बाहीच्या आत टिकटिकत होतं आणि त्याच्यावर माझं काळीज.

धुळ्याची मंडळी शेतावरच उतरली. हिवाळ्यात आमच्याकडे पाहुण्यांना हॉटेलात नेत नाहीत, शेतात भरीत खाऊ घालतात. तेजसचे वडील रघुनाथभाऊ म्हणजे धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, कोटाला आतून-बाहेरून खिसेच खिसे. आल्यापासून ते माझ्या मनगटाकडे बघत होते आणि मी त्यांच्या. त्यांचं मनगट मोकळं होतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल करुणा दाटून आली.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. वांगी सोलून झाली आणि आता ती लाकडी बडगीत दांडक्याने ठेचायची, तेवढ्यात मला स्फुरण चढलं. व्याह्यांना दाखवू की जळगावचा बँकवालासुद्धा अजून अस्सल आहे! हौदावर हात धुतले, बडगीपुढे मांडी ठोकली आणि दांडका उचलला. ठेचतोय, ठेचतोय! वांगी उडताहेत, मिरच्या उडताहेत, विहीणबाईंच्या पैठणीवर एक वांग्याचं देठ! नाना म्हणाले, "पक्या, भरीत करून राह्यला का विहीर खंदून राह्यला?" पण मी थांबलो नाही. मग तेलाची फोडणी पडली, त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, कांद्याची पात. सगळं कालवून पातेलं तयार. मी पुन्हा हात धुतले, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि सभ्य माणसासारखा सतरंजीवर येऊन बसलो.

केळीची पानं मांडली जात होती. रघुनाथभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, आपली बायको लांब आहे याची खात्री करून घेतली आणि हळूच विचारलं, "भाऊ, किती वाजनात हो?"

अहाहा! हा प्रश्न ऐकायला मी जन्माला आलो होतो. मी सुनंदाकडे पाहिलं. तिची पाठ होती. मी डावा हात ऐटीत पुढे केला, बाही दोन बोटांनी मागे सारली.

मनगट मोकळं!

"वाजले..." मी म्हणालो. "वाजले असतील."

"असतीन," रघुनाथभाऊ नाइलाजाने म्हणाले.

माझ्या पायाखालची सतरंजी सरकली. घड्याळ सकाळी होतं. हौदावर होतं. आणि मग मी दांडका हाणत होतो... माझी नजर पातेल्याकडे गेली. त्या हिरव्यागार, तेलाने चमचमणाऱ्या भरतात कुठेतरी आबांचं घड्याळ होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने ठेचलं होतं!

आता दोनच मार्ग. एक, खरं सांगायचं. (घड्याळ गेलं, आणि भरतात घड्याळ घालणारं घराणं म्हणून सोयरीकही गेली.) दुसरा, कोणाच्याही घशात जाण्याआधी ते शोधायचं. मी उठलो. "वाढायचं काम आज माझं!" असं म्हणून पातेलं ताब्यात घेतलं.

"अहो, डाव घ्या!" सुनंदा ओरडली. "हाताने काय वाढताय?"

"हाताने चव येते," मी म्हणालो आणि कोपरापर्यंत उजवा हात भरतात घातला. मऊ, मऊ, कडक! काढलं. शेंगदाणा. मऊ, मऊ, कडक! खोबरं. प्रत्येकाच्या पानावर भरीत वाढताना मी ते बोटांनी असं पसरत होतो, की विहीणबाई म्हणाल्या, "बाई वं, भरीत शे का मेंदी?"

मग मला सुचलं की घड्याळ चालू असेल तर वाजेल! आबांचं घड्याळ काही असंतसं नव्हतं. मी पातेल्याशी वाकलो आणि कान लावला.



"भाऊ, काय ऐकी ऱ्हायनात?" रघुनाथभाऊंनी विचारलं.

"फोडणी," मी म्हणालो. "फोडणी मुरली की आवाज बदलतो."

आता गंमत बघा, त्या भल्या माणसाने मान डोलावली! पण तेजसने मयूरीकडे पाहिलं आणि मयूरीने जमिनीकडे. माझी पोर माझ्यामुळे मान खाली घालून बसली होती, हे मला दिसत होतं, आणि तरी कान पातेल्यावरून उचलवत नव्हता.

जेवण सुरू झालं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, भरीत, वर कच्चा कांदा. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरत होतो. "सावकाश. चावून खा. प्रत्येक घास चावून. दाताखाली काही आलं तर सांगा, संकोच नको!"

"दाताखाली काय यीन?" विहीणबाई घाबरल्या.

तेवढ्यात रघुनाथभाऊंच्या तोंडातून आवाज आला. कट्ट!

"थुंका!" मी किंचाळलो. "भाऊ, थुंका! गिळू नका!"

होणाऱ्या व्याह्याला पहिल्याच पंगतीत 'थुंका' म्हणणारा असोद्यातला मी पहिला माणूस असेन. रघुनाथभाऊंनी दचकून खोबऱ्याचा तुकडा हातावर घेतला, पाहिला, पुन्हा तोंडात टाकला आणि आदराने म्हणाले, "भरीत झकास शे. पन तुम्ही बसा बरं जराखा."

बसावंच लागलं, कारण मला खरोखरच बरं वाटेनासं झालं होतं. अंगाला दरदरून घाम. आणि डावा हात! मघापासून त्याला मुंग्या येत होत्या. मला वाटलं, ठेचण्याने भरून आला असेल. पण आता तो बधिर झाला होता, बोटं निळसर दिसत होती.

"सुनंदा," मी क्षीण आवाजात म्हणालो, "माझा डावा हात गेला."

'डावा हात' ऐकताच सगळ्यांची तोंडं उतरली. घाम आणि डावा हात म्हणजे काय हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. पानं सोडून सगळे धावले. मला उचलून बाजेवर टाकलं. तेजस जीप काढायला पळाला. सुनंदा माझ्या कपाळावर हात ठेवून रडायला लागली. (त्या क्षणी मला वाटलं, ही खरंच माझ्यावर प्रेम करते. घड्याळाचं आता सांगू नये.) मयूरीने आपलं ते चार्जिंगचं घड्याळ काढून घाईघाईने माझ्या डाव्या मनगटावर बांधलं आणि बटण दाबलं.

"पप्पा!" ती पांढरीफटक पडली. "यात तुमचे ठोकेच येत नाहीयेत!"

"मंग तो बोलून कसा राह्यला?" नानांनी विचारलं.

"दाखवत नाहीये ना आजोबा! नुसत्या रेघा!"

"मोबाइलचं पोरगं!" नाना गरजले. "बाजूले व्हा. पक्या, डोये उघड!"

डोळे उघडले. समोर नाना. त्यांनी माझा स्वेटर छातीवर मुठीत घट्ट धरला होता. मी नानांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला राहवलं नाही. "नाना, मला माफ करा. आबांचं घड्याळ गेलं. भरतात गेलं. सगळ्यांनी मिळून खाल्लं ते!"

विहीणबाईंनी पोटावर हात ठेवला.

"भरतम्हा?" रघुनाथभाऊ उभे राहिले. "कशानं घड्याय? बॅटरीनं का किल्लीनं?"

"किल्लीचं," मी हुंदका दिला.

"अहो!" विहीणबाई कडाडल्या. "मानूस मरी ऱ्हायना, आनी तुम्हले किल्ली सुची ऱ्हायनी? घड्याय दखाले उनात का पोर दखाले?"

पण रघुनाथभाऊंचा चेहरा बदलला होता. टोपी काढून ते माझ्यावर वाकले. "थांबा. आते बठ्ठा चूप बसा!" त्यांनी माझ्या छातीच्या डाव्या बाजूला कान लावला. मी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत शेवटच्या श्वासाची वाट पाहू लागलो.

"वाजी ऱ्हायनं," ते म्हणाले.

"म्हणजे जिवंत आहेत ना?" सुनंदाने विचारलं.

"जित्ता तं शेतसच. पन हाऊ ठोका मानूसना नही शे." त्यांनी डोळे मिटले, चेहऱ्यावर अगदी कीर्तनात बसल्यासारखा भाव. "हाई किल्लीनं घड्याय शे. जुनं शे. भलतं गोड वाजस."

"म्हणजे मीच गिळलं!" मी ताडकन उठून बसलो. "माझ्या पोटात आहे! नाना, सापडलं!"

"हलू नका!" रघुनाथभाऊंनी मला आडवं केलं. त्यांचा कान छातीवरून काखेकडे सरकला, काखेतून दंडावर आला आणि तिथे थांबला. त्यांनी माझ्या स्वेटरची बाही धरली आणि अलगद वर केली. कोपर आलं. कोपराच्या वर, माझ्या सुखवस्तू दंडात रुतून, स्प्रिंगचा पट्टा पूर्ण ताणलेला, आबांचं घड्याळ चालू होतं!

हौदावर हात धुताना मी ते वर सरकवलं होतं. आबांसारखं. फक्त आबांचा दंड शेतकऱ्याचा होता आणि माझा बँकेचा.

पट्टा काढताच हातात रक्त धावलं, मयूरीच्या घड्याळात ठोके उमटले, आणि सुनंदाचं रडणं थांबून दुसरंच काही सुरू झालं. ते इथे लिहिता येत नाही. पण माझं लक्ष नव्हतं. मी नानांकडे वळलो.

"नाना! दिवसभर माझ्या अंगावरच होतं! ओरखडासुद्धा नाही! शर्त मी जिंकलो!"

नानांनी घड्याळ कानाला लावलं. डोळे पुसले, आणि पुसताना कोणी पाहू नये म्हणून पाठ फिरवली. मग म्हणाले, "घड्याय जागेवर होतं रे पक्या. तू कोठी होता?" आणि त्यांनी ते मयूरीच्या हातात घातलं.

त्यावर रघुनाथभाऊंनी काय करावं? कोटाच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. आत त्यांच्या वडिलांचं साखळीचं घड्याळ! "बायको म्हने, तठे घड्यायनं नाव काढू नका," ते माझ्या कानात म्हणाले. आम्ही दोघं तिथेच बाजेवर बसलो, दोन्ही घड्याळं जुळवायला लागलो, वाद झाला, आणि दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींकडे असं पाहिलं, की लग्न ठरलंच.

लग्न धुळ्याला झालं. (आम्ही उशिरा पोचलो. पण व्याही आमच्याहून उशिरा आले, त्यामुळे बोभाटा झाला नाही.) पाठवणीची वेळ आली. मयूरी गाडीत बसण्याआधी माझ्यासमोर थांबली, तिने हातातलं आबांचं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर चढवलं.

"पप्पा, हे तुमच्याकडेच राहू द्या. मी आजोबांना विचारलंय."

मी नानांकडे पाहिलं. नाना मांडवाच्या छताकडे बघत होते. "असू दे त्याच्याजवय," ते म्हणाले. "पन किल्ली मीच देईन."

मी रडलो. लाज न बाळगता, पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तिच्यासाठी किती आणि घड्याळासाठी किती, याचा हिशेब मला विचारू नका, मला तो खरंच सांगता येणार नाही. मग मांडवामागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, बाहीने पुसलं, आणि परत आलो तेव्हा गाडी नुकतीच हलली होती. मी टाटा करायला हात वर केला.

मनगट मोकळं!

"थांबवा! गाडी थांबवा!" मी असा ओरडलो, की बँडवाल्यांच्या तोंडातली पिपाणी निसटली. गाडी करकचून थांबली. बायका रडायच्या थांबल्या. अख्ख्या वऱ्हाडाला वाटलं, बापाचं काळीज फाटलं. मी धापा टाकत गाडीच्या काचेशी पोचलो आणि आत डोकं घालून सीटखाली शोधायला लागलो.

मागून रघुनाथभाऊंचा हात माझ्या खांद्यावर पडला. "भाऊ," ते प्रेमाने म्हणाले, "बाही वर करा."

सासरी निघालेल्या लेकीची गाडी मायेपोटी अडवणारे बाप धुळ्याने पुष्कळ पाहिले असतील. स्वतःच्याच दंडावरचं घड्याळ शोधायला अडवणारा मी पहिला!